आई-वडिलांना डिजिटल फोटो फ्रेम द्यायचीय? किंमत बघण्याआधी हे चार प्रश्न विचारा

मुलगा नोकरीसाठी पुण्यात, मुलगी लग्न होऊन हैदराबादला, नातू नीटच्या शिकवणीसाठी लातूरला आणि आजी-आजोबा गावाकडे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांचं चित्र आज असंच आहे. फोटो रोज निघतात, फॅमिली ग्रुपवर पडतात आणि तासाभरात ‘सुप्रभात’च्या मेसेजखाली गाडले जातात. ज्यांना ते फोटो सगळ्यात जास्त बघायचे असतात, त्या आजीला मात्र ते शोधायला कुणाची तरी मदत लागते.

म्हणूनच दिवाळी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा वास्तुशांत आली की एक पर्याय हमखास सुचवला जातो. डिजिटल फोटो फ्रेम. ऑनलाइन बघायला गेलं तर शंभर फ्रेम समोर येतात. सगळ्या दिसायला सारख्याच आणि किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. मग सहसा इंच आणि सवलत बघून ऑर्डर दिली जाते. फ्रेम घरी पोहोचते, आठवडाभर कौतुक होतं आणि महिनाभरात ती कपाटावर जाऊन बसते.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा फ्रेमचा दर्जा नसतो. फ्रेम देणाऱ्याच्या घराचा विचार करून घेतलेली असते आणि ती लागते घेणाऱ्याच्या घरात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे सहज चालतं ते उदगीर किंवा किनवटजवळच्या गावात चालेलच असं नाही.

आधी हे समजून घ्या : फ्रेम दोन प्रकारच्या असतात

पहिला प्रकार साध्या फ्रेमचा. हिला मागे पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावायला खाच असते. कार्डातले फोटो ती एकामागून एक दाखवत राहते. इंटरनेट लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, कुठे नोंदणी करावी लागत नाही. ऑनलाइन बाजारात अशा फ्रेम साधारण ३ ते ६ हजार रुपयांच्या घरात मिळतात.

दुसरा प्रकार वाय-फाय फ्रेमचा. ही घरातल्या राउटरला जोडली जाते. मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून कुणीही परवानगी असलेला माणूस कुठूनही फोटो पाठवू शकतो आणि तो थोड्या वेळात फ्रेमवर दिसतो. दहा इंचांच्या आसपासच्या अशा फ्रेमसाठी साधारण ६ ते १२ हजार रुपये मोजावे लागतात. ब्रँड आणि सणासुदीच्या सवलतीप्रमाणे हे आकडे वर-खाली होतात.

वाय-फायची फ्रेम महाग आहे म्हणून ती प्रत्येक घरासाठी चांगली, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

पहिला प्रश्न : फोटो कोण टाकणार?

समजा, आई-वडील नांदेड शहरात राहतात. घरात फायबरचं कनेक्शन आहे, राउटर चोवीस तास चालू असतो. अशा घरात वाय-फाय फ्रेम खरोखर कामाची ठरते. पुण्यातल्या नातीने शाळेच्या कार्यक्रमाचा फोटो दुपारी पाठवला तर आजीला तो चहाच्या वेळी हॉलमध्ये दिसतो. आजीला एकही बटण दाबावं लागत नाही. या फ्रेमचा सगळा मोठेपणा एवढ्यातच आहे.

आता दुसरं घर. लातूर जिल्ह्यातलं गाव, घरात राउटर नाही, इंटरनेट फक्त आजोबांच्या मोबाइलवर. इथे अनेक जण ‘हॉटस्पॉटवर चालेल की’ म्हणून वाय-फाय फ्रेम घेतात. पण आजोबा शेतात गेले की हॉटस्पॉटही त्यांच्याबरोबर शेतात जातो. परत आल्यावर तो रोज आठवणीने चालू करणं कुणालाच जमत नाही. अशा घरात तीन हजारांची साधी फ्रेम बारा हजारांच्या वाय-फाय फ्रेमपेक्षा जास्त दिवस चालू राहील.

साध्या फ्रेमची अडचण एकच. नवे फोटो आपोआप येत नाहीत. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन पेन ड्राइव्ह ठेवायचे. एक फ्रेमला लावलेला, दुसरा तुमच्याकडे. पोळ्याला किंवा दिवाळीला घरी जाताना नवीन फोटो भरलेला पेन ड्राइव्ह न्यायचा आणि जुना परत आणायचा. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने वर्षातून तीन-चार वेळा घरी जाणाऱ्याला हे अवघड नाही.

वाय-फाय फ्रेम घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी तपासा. स्वस्त फ्रेमपैकी बऱ्याच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडल्या जातात, ५ गिगाहर्ट्झला नाही. घरच्या राउटरवर दोन नावं दिसत असतील तर त्यातलं २.४ वालं चालू आहे ना, हे बघा. दुसरी गोष्ट, पुण्यात वाय-फाय जोडून फ्रेम कुरिअरने पाठवली तरी नांदेडच्या घरात पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. त्यामुळे ही भेट शक्यतो स्वतः घरी जाऊन द्या.

दुसरा प्रश्न : लाईट गेली तर काय होईल?

बहुतेक डिजिटल फ्रेममध्ये बॅटरी नसते. पिन बोर्डात लावली तरच त्या चालतात. म्हणजे लाईट गेली की फ्रेम बंद. त्याला इलाजही फारसा नाही आणि तशी गरजही नाही.

खरा प्रश्न लाईट आल्यानंतरचा असतो. काही फ्रेम वीज आली की आपोआप फोटो दाखवायला लागतात. काही मात्र मेन्यूवर येऊन थांबतात आणि कुणीतरी रिमोट घेऊन ‘फोटो’, मग ‘स्लाइड शो’, मग ‘ओके’ दाबण्याची वाट बघतात. ज्या भागात दिवसातून दोनदा लाईट जाते तिथे ही दुसऱ्या प्रकारची फ्रेम आठवड्याभरात अडगळीत जाते. म्हणून विकत घेण्याआधी ‘वीज आल्यावर स्लाइड शो आपोआप सुरू होतो का?’ हे विचारा. ऑनलाइन घेत असाल तर ग्राहकांच्या अभिप्रायांमध्ये हाच मुद्दा शोधा. दुकानात असाल तर दुकानदाराला पिन काढून पुन्हा लावायला सांगा. दहा सेकंदांत उत्तर मिळतं.

वीजबिलाची काळजी मात्र करू नका. अशा फ्रेमचा अ‍ॅडॉप्टर साधारण ५ व्होल्ट, २ अँपिअरचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त १० वॉट. रोज १५ तास चालली तरी महिन्याला साडेचार युनिटच्या वर जात नाही. ठरलेल्या वेळी चालू-बंद होण्याची सोय असेल तर रात्री ती स्वतःच झोपते. झोपायच्या खोलीत ठेवायची असेल तर ही सोय असलेलीच घ्या. नाहीतर रात्री दोन वाजता डोळ्यांवर उजेड येतो म्हणून आजोबा पिन काढतील आणि सकाळी ती परत लावायची राहून जाईल.

तिसरा प्रश्न : स्क्रीन किती मोठी आणि किती स्पष्ट?

जाहिरातीत लिहिलेले इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात. ७ इंचांची स्क्रीन म्हणजे साधारण पोस्टकार्ड आकाराच्या फोटोएवढी. टेबलावर, हाताच्या अंतरावर ठेवायला ती ठीक आहे. १०.१ इंचांची स्क्रीन म्हणजे ए-फोर कागद मधोमध दुमडल्यावर होतो तेवढी. पलंगावर बसून समोरच्या शोकेसमधली फ्रेम बघायची असेल, त्यातही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तर १० इंचांपेक्षा लहान घेऊ नका.

दुसरा आकडा रिझोल्यूशनचा. स्वस्त फ्रेमवर सहसा १०२४ × ६०० लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे ६ लाख ठिपके. त्याच्या वरच्या पायरीवर १२८० × ८०० असतं, म्हणजे सुमारे १० लाख ठिपके. ७ इंचांना पहिला आकडा चालून जातो, १० इंचांना मात्र दुसरा हवा. नाहीतर चेहरे फिकट आणि फाटल्यासारखे दिसतात. ‘फोर-के फोटो चालतात’ असं लिहिलेलं असेल तर फसू नका. फ्रेम मोठी फाइल उघडू शकते एवढाच त्याचा अर्थ. ठिपके वाढत नाहीत.

तिसरा शब्द ‘आयपीएस’. हा स्क्रीनचा प्रकार आहे. आयपीएस स्क्रीन बाजूने बघितली तरी रंग तसेच दिसतात. साध्या स्क्रीनवर खालून किंवा तिरकं बघितलं की फोटो काळा पडतो. फ्रेम शोकेसवर आणि बघणारा जमिनीवर बसलेला, अशा घरात आयपीएससाठी चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी ते वसूल होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो चालतील का, हा प्रश्न नेहमी येतो. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं. त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची उरते. १२८० × ८०० च्या फ्रेमला ते पुरेसं आहे. मोठी प्रिंट काढायची असेल तर मात्र ते कमी पडतं. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ पर्याय आला आहे. महत्त्वाचे फोटो त्यावरून मागवा.

चौथा प्रश्न : कंपनीने नियम बदलले तर?

वाय-फाय फ्रेम घेताना हा मुद्दा सहसा कुणी बघत नाही. काही फ्रेममध्ये फोटो थेट फ्रेमच्या मेमरीत उतरतात. इंटरनेट बंद पडलं तरी आलेले फोटो दिसत राहतात. बऱ्याच ब्रँडच्या फ्रेमवर चालणारं ‘फ्रेमिओ’ हे अ‍ॅप या पद्धतीचं आहे. काही फ्रेममध्ये मात्र फोटो कंपनीच्या क्लाउडवर राहतात आणि ती जागा किती द्यायची, फुकट द्यायची की नाही, हे कंपनी ठरवते.

‘निक्सप्ले’ या परदेशी ब्रँडने २०२५ मध्ये आपल्या फ्रेमसोबतची फुकट जागा ५०० एमबीपर्यंत खाली आणली. आधी ती कित्येक जीबी होती. ज्यांनी फ्रेम आधीच विकत घेतली होती त्यांनाही हा बदल लागू झाला. जास्त जागेसाठी वर्गणी भरा, असा पर्याय पुढे आला. गुगल फोटोजनेही १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा घातली, हे अनेकांना आठवत असेल. भेट दिलेल्या वस्तूची वर्गणी दरवर्षी आई-वडिलांच्या मागे लागणार असेल, तर ती भेट स्वस्त म्हणता येणार नाही.

म्हणून वाय-फाय फ्रेम घेताना तीन गोष्टी विचारा. फोटो फ्रेममध्येच साठतात का? वर्गणी न भरता ती पूर्ण चालते का? आणि उद्या अ‍ॅप बंद पडलं तर पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर चालेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा.

सुरक्षेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या ‘बेस्ट बाय’ या साखळीने विकलेल्या ‘इन्सिग्निया’ ब्रँडच्या काही फ्रेममध्ये कारखान्यातूनच व्हायरस आल्याचं उघड झालं आणि उरलेला माल विक्रीतून काढावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘क्वोक्का’ या सुरक्षा कंपनीने अँड्रॉइडच्या खूप जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या काही फ्रेम चालू होताच घातक सॉफ्टवेअर उतरवून घेतात, असं दाखवून दिलं. वाय-फाय फ्रेम म्हणजे घरातल्या नेटला कायम जोडलेला एक छोटा संगणक असतो. त्याच नेटवर वडिलांचा बँकेचा मोबाइलही असतो. त्यामुळे नाव-गाव नसलेली, अगदीच स्वस्त वाय-फाय फ्रेम टाळा आणि राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्कची सोय असेल तर फ्रेम त्याला जोडा. बजेट कमी असेल तर तेवढ्याच पैशांत चांगली साधी फ्रेम मिळते आणि हा धोका राहत नाही.

दुकानातून घ्यायची की ऑनलाइन?

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, दुकानात नुसतं ‘फोटो फ्रेम’ म्हटलं तर काचेची किंवा दिव्यांची फ्रेम पुढे येईल. ‘पेन ड्राइव्ह लागणारी डिजिटल फ्रेम’ असं स्पष्ट सांगा. दुकानात घेण्याचा फायदा म्हणजे स्क्रीन डोळ्यांनी बघता येते. ऑनलाइन निवड जास्त असते, पण आधी पिनकोड टाकून वस्तू तुमच्या तालुक्यापर्यंत येते का आणि परत न्यायला माणूस येतो का, हे दोन्ही तपासा. बिघाड झाल्यास फ्रेम कुठे पाठवायची हेही बघा. वॉरंटी वर्षभराची आणि सर्व्हिस सेंटर मुंबईत असेल तर कुरिअरचा खर्च कुणाचा, हे आधीच विचारलेलं बरं.

अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. दिवसभर बोर्डात राहणाऱ्या वस्तूसाठी ही तपासणी महत्त्वाची आहे.

भेटवस्तू म्हणून किंमत लपवायची असते, त्यामुळे बिल अनेकदा फेकून दिलं जातं. तसं करू नका. बिलाचा फोटो जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते. शिवाय तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी लातूरच्या माणसाला दिल्लीला जावं लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करून बघा.

खोकं बांधण्याआधी हे करा

रिकामी फ्रेम देऊ नका. ‘फोटो तुम्ही टाका’ म्हणून दिलेली फ्रेम सहसा रिकामीच राहते.

• पेन ड्राइव्ह किंवा कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचं घ्या आणि ‘फॅट-३२’ पद्धतीने फॉरमॅट करा. अनेक स्वस्त फ्रेम त्यापुढचं कार्ड ओळखत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो असतील तर १ जीबीतही ३ हजारांच्या आसपास फोटो मावतात.

• आयफोनचे फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात असतात. साध्या फ्रेमला ते उघडत नाहीत. ते आधी जेपीईजी प्रकारात बदलून घ्या.

• उभे काढलेले काही फोटो फ्रेमवर आडवे पडलेले दिसतात. संगणकावर फिरवून पुन्हा सेव्ह केले की ते सरळ होतात. बहुतेक फ्रेम आडव्या असतात, त्यामुळे शक्यतो आडवे फोटोच निवडा.

• दोनशे फोटो पुरे. प्रत्येक फोटो १५ सेकंद ठेवला तरी पूर्ण फेरी व्हायला ५० मिनिटं लागतात. त्यात देवदर्शनाचे सारखेच वीस फोटो नकोत.

• घरी पोहोचल्यावर एकदा सगळं चालवून, पिन काढून, पुन्हा लावून दाखवा. चालू करायचं बटण कुठलं, ते खडूने किंवा टिकलीने खूण करून ठेवा.

जुने फोटो विसरू नका

आजी-आजोबांच्या फ्रेममध्ये फक्त नातवंडांचेच फोटो भरले जातात. पण ज्या फोटोसमोर ते थांबतात तो बहुतेकदा जुना असतो. लग्नातला, आई-वडिलांचा, पाडलेल्या वाड्याचा. असे फोटो मोबाइलमध्ये नसतात. ते ट्रंकेत, अल्बममध्ये किंवा भिंतीवर असतात आणि बहुतेक वेळा त्यांची ती एकच प्रत असते.

एक प्रत किती कच्ची असते, हे लातूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला, हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली आणि पुढे ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. घर कोसळतं तेव्हा भिंतीवरची तसबीर आणि ट्रंकेतला अल्बमही त्याच ढिगाऱ्याखाली जातो. भूकंपच व्हायला हवा असंही नाही. गळणारं छप्पर, वाळवी आणि अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो एवढंही पुरतं.

त्यामुळे फ्रेम द्यायचं ठरलं की एक दुपार या कामासाठी काढा. फोटो काचेतून बाहेर काढून खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइलने सरळ वरून टिपा. गुगलचं ‘फोटोस्कॅन’ हे अ‍ॅप फुकट आहे आणि ते काचेसारखी चकाकी कमी करतं. फाटलेला किंवा अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. तो गावातल्या फोटो स्टुडिओत दाखवून स्कॅन करून घ्या. फोटोत कोण आहे, कोणत्या साली, कुठल्या गावी काढला, हे तेव्हाच आजीला विचारून लिहून ठेवा. हे सांगू शकणारं माणूस घरात बहुतेकदा एकच असतं.

एक लक्षात ठेवा, फ्रेम म्हणजे फोटोंची तिजोरी नाही. फ्रेम बिघडली तर आतले फोटोही जाऊ शकतात. स्कॅन केलेल्या फोटोंची एक प्रत तुमच्या संगणकावर आणि एक भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

आणि फ्रेम घेऊच नये असं कधी?

घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि तो दिवसभर चालू असेल, तर पेन ड्राइव्ह टीव्हीला लावूनही फोटो दिसतात. आधी ते करून बघा. जुना टॅब फ्रेम म्हणून वापरता येतो, पण तो कायम चार्जिंगला ठेवला तर बॅटरी फुगण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तो प्रयोग नको. आणि बजेट हजार-दीड हजारच असेल तर स्वस्तातली फ्रेम घेण्यापेक्षा चाळीस-पन्नास निवडक फोटोंच्या प्रिंट काढून अल्बम करा. त्याला लाईट लागत नाही, वाय-फाय लागत नाही आणि तो मांडीवर घेऊन बसता येतो.

थोडक्यात सांगायचं तर, घरी राउटर असेल आणि मुलं नियमित फोटो पाठवणार असतील तर फोटो स्वतःच्या मेमरीत ठेवणारी, वर्गणी नसलेली, १० इंचांची आयपीएस वाय-फाय फ्रेम घ्या. राउटर नसेल तर वीज आल्यावर आपोआप सुरू होणारी साधी फ्रेम आणि दोन पेन ड्राइव्ह घ्या. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी पहिला फोटो आजीच्या ट्रंकेतला असू द्या.